राजीनाम्याच्या दोन प्रती: खाजगी शाळांतल्या शिक्षकांचा कायदा कसा मिळाला आणि आज तो कुठे आहे

निळी_शाई

बाबांची पत्र्याची ट्रंक गेल्या महिन्यात उघडली. बाबा १९७१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खाजगी माध्यमिक शाळेत लागले आणि २००६ साली निवृत्त झाले. ट्रंकेत सेवापुस्तकाची नक्कल, संघटनेच्या वर्गणीच्या पावत्यांची थप्पी आणि एक छोटी डायरी होती. डायरीत दर महिन्याला दोनच आकडे: एका रकान्यावर 'सही', दुसऱ्यावर 'हातात'. १९७२ च्या एका पानावर सही ३१०, हातात २४०. रेव्हेन्यू तिकिटावर आडवी सही पूर्ण पगाराची करायची आणि पाकीट मिळेल ते मुकाट्याने खिशात घालायचं. हे सगळे शिक्षक करत होते आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं.

आणखी एक गोष्ट बाबा नेहमी सांगायचे. रुजू झाले त्या दिवशी त्यांच्यासमोर तीन कागद ठेवले होते. एक रुजू अहवाल, दुसरं हमीपत्र आणि तिसरा साफ कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर खाली फक्त सही मागितली. "तारीख आम्ही नंतर टाकू." तो कागद म्हणजे त्यांचा राजीनामा होता. संस्थेच्या कपाटात असे सगळ्यांचे राजीनामे पडून असायचे. एप्रिलअखेर 'मुक्त' केल्याचा आदेश आणि जूनमध्ये नवी नेमणूक, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगारही वाचला आणि सेवाही सलग होत नाही. बाबांची पहिली चार वर्षं अशी गेली.

लोक विचारतात, तेव्हा नियम नव्हते का? होते. माध्यमिक शाळा संहिता होती आणि तिच्यात चौकशी, नोटीस, वेतनश्रेणी सगळं लिहिलेलं होतं. पण संहिता म्हणजे खात्याच्या प्रशासकीय सूचना. तिला कायद्याचं बळ नव्हतं. काढलेला शिक्षक कोर्टात गेला तर मालक-नोकर कराराचा वाद म्हणून फार तर नुकसानभरपाई मिळायची, खुर्ची परत मिळायची नाही. संस्थेनं संहिता मोडली तर खातं काय करणार? अनुदान कापणार. आणि अनुदान कापलं की पगार कुणाचा अडकायचा? शिक्षकांचाच. म्हणून त्या पिढीच्या शिक्षक संघटनांनी नुसती पगारवाढ मागितली नाही, कायदा मागितला. आमच्याकडे विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ होता. बाबा रविवारी सायकलवर पाच-सहा गावं करून वर्गणी गोळा करायचे. आई सांगते की नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा असला की आदल्या रात्री घरी वीस जणांच्या भाकऱ्या व्हायच्या आणि मिरचीचा ठेचा केळीच्या पानात बांधला जायचा.

कायदा झाला, पूर्ण नाव 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७'. तो १९७८ चा तिसरा अधिनियम, तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. पण अंमल सुरू झाला १५ जुलै १९८१ ला. मधली तीन वर्षं कायदा कागदावर निजून राहिला, मधल्या काळात सरकारं बदलली आणि संघटनेला मंजूर झालेल्या कायद्यासाठी पुन्हा मोर्चे काढावे लागले. नियमावली दुसऱ्या दिवशी आली. डायरीत १५ जुलै १९८१ खाली बाबांनी शाईच्या पेनाने दोन रेघा ओढल्यात. कागद फाटलाय इतक्या दाबून.

हा कायदा मी स्वतः पहिल्यांदा वाचला तो बी.एड.ला, परीक्षेपुरता. आता ट्रंकेतल्या कागदांबरोबर वाचला आणि कलम ७ शी थांबले. त्यात म्हटलंय की कर्मचाऱ्याला राजीनामा द्यायचा असेल तर त्याने दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. राज्याच्या विधिमंडळाला राजीनामा कसा पाठवायचा हे कायद्यात लिहावं लागलं! ते कलम त्या कोऱ्या कागदाचं उत्तर आहे. कपाटातल्या कागदाला ना तारीख होती ना रजिस्टरची पावती, म्हणून तो त्या दिवसापासून रद्दी झाला.

बाकीची कलमंही अशीच एकेका दुखण्यावर बेतलेली आहेत. मूळ कायद्यात कायम रिक्त जागेवरची नेमणूक दोन वर्षांच्या परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, आणि ती पुरी झाली की शिक्षक कायम झाला असं मानलं जाईल, वेगळा आदेश लागत नाही. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढती डावलली तर शाळा न्यायाधिकरणात अपील, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत. न्यायाधिकरणाला पुन्हा सेवेत घ्या म्हणण्याचा अधिकार, थकलेला पगार देववण्याचा अधिकार. संस्थेनं पैसे दिले नाहीत तर ते तिच्या अनुदानातून कापून थेट कर्मचाऱ्याला द्यावेत अशी शिफारस सरकारला करता येते. जे कापणं आधी शिक्षकाच्या मुळावर यायचं, तेच त्याच्या बाजूला आलं. आणि कलम ३: हा कायदा राज्यातल्या सगळ्या खाजगी शाळांना लागू, अनुदान असो वा नसो. हे शेवटचे चार शब्द लक्षात ठेवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पगाराचे आकडे प्रत्येक वेतन आयोगाला बदलले, पण बाबा ताठ मानेने शिकवू लागले ते १९८१ नंतर. इथे कुणाकडे त्या काळच्या आठवणी असतील तर लिहा. नव्या शिक्षकांनीही लिहा.

पायवाट

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझे वडील शिक्षक नव्हते, सरकारी कारकून होते. त्याच हिवाळ्यात, १९७७-७८ मध्ये, र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून. घरात दोन महिने पगार नाही. वाण्याने उधारी थांबवली नाही, हे आई आजही सांगते. त्या वातावरणात हा कायदा झालाय हे विसरून चालणार नाही.

एक भर घालतो. शिक्षकांकडे एक रस्ता होता जो आमच्याकडे नव्हता: विधान परिषद. घटनेच्या कलम १७१ नुसार परिषदेच्या बाराव्या हिश्श्याइतक्या जागा शिक्षकांनी निवडायच्या. आपल्याकडे ७८ पैकी ७. मोर्चा रस्त्यावर आणि त्याच मागणीवर लक्षवेधी सभागृहात, हे दोन्ही एका वेळी होऊ शकत होतं.

निळी_शाई

@पायवाट, अगदी खरं. फक्त त्या मतदारसंघात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच आहे, प्राथमिकच्या शिक्षकांना नाही. माझी मावशी झेडपीत ३१ वर्षं शिकवत होती, तिला शिक्षक म्हणून कधीच मत देता आलं नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं.

पेरियारकाठी

मी नोकरीनिमित्त बारा वर्षं केरळात आहे, म्हणून तिथलं सांगते. तिथल्या जुन्या शिक्षकांकडून ऐकलेल्या गोष्टी तुमच्या बाबांच्या डायरीसारख्याच आहेत, सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा. १९५७ साली ईएमएस नंबुद्रिपाद यांचं सरकार आलं आणि शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी लगेच शिक्षण विधेयक आणलं. मुंडश्शेरी स्वतः प्राध्यापक होते. खाजगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकार थेट देणार, व्यवस्थापनाच्या हातून नाही, हा त्यातला गाभा. राष्ट्रपतींनी विधेयक सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठवलं, १९५८ मध्ये तो आला, दुरुस्त्या होऊन कायदा झाला. पण नेमणुकांवरच्या नियंत्रणावरून संस्थाचालक आणि चर्च उभे ठाकले, 'विमोचन समरम' म्हणजे सरकारविरोधी मुक्तिलढा पेटला आणि ३१ जुलै १९५९ ला सरकारच बरखास्त झालं. सरकार गेलं, थेट पगार मात्र राहिला. पुढे कुणाचंही राज्य आलं तरी तो काढायची हिंमत कुणी केली नाही.

इथल्या निवृत्त शिक्षिका शेजारी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. मुंडश्शेरींचं नाव घेताना त्या अजूनही 'माष' म्हणतात, म्हणजे मास्तर. मंत्री म्हणत नाहीत.

तालुक्याचा_माणूस

धागा वाचला. आमच्या आजोबांनी १९५८ साली शाळा काढली, मी आज त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

आजोबांनी शाळेसाठी शेत विकलं. बाहेरच्या संस्थांनी काय केलं माहीत नाही, आमच्याकडे कोरे राजीनामे घेतले जात नव्हते. पण कायद्यानंतर वर्गावर न जाणाऱ्या, पिऊन येणाऱ्या माणसालाही काढता येईना. एका प्रकरणात आम्ही सहा वर्षं न्यायाधिकरण आणि हायकोर्ट केलं आणि हरलो. पूर्ण मागचा पगार द्यावा लागला. तेवढ्या वर्षांत त्या वर्गातली मुलं गणितात मागे राहिली, त्यांचं अपील कुठे करायचं? वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, वेळेवर येत नाही, खडूचे पैसे आम्ही खिशातून देतो.

निळी_शाई

@तालुक्याचा_माणूस, राग अजिबात नाही. शेत विकून शाळा काढणारी माणसं होती म्हणून माझे बाबा शिक्षक होऊ शकले. मुलांचं नुकसान हा तुमचा मुद्दा मला लागतो, कारण मीही वर्गावर असते.

पण एक विचारते. नियम ३६ ची चौकशी समिती नीट बसवली होती का? तिघांची समिती: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला दुसऱ्या कर्मचाऱ्यांपैकी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. ज्याने आयुष्यभर उत्तम शिकवलं तो माणूस ठरवणार की समोरच्याने शिकवण्याशी द्रोह केला का. कामचुकार शिक्षकाला असा पुरस्कारप्राप्त शिक्षक का वाचवेल? बाबांनी संघटनेत पाहिलेली बहुतेक प्रकरणं संस्था हरल्या त्या कारण खोटं होतं म्हणून नव्हे. दोषारोपपत्रच नाही, समितीत तिसरा सदस्यच नाही, अध्यक्षांनी बैठकीत ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी फाटक बंद. बाबा स्वतः एका सरांच्या वतीने समितीवर बसले आणि सर दोषी आहेत असं लिहून दिलं. संघटनेत त्यावरून मोठं भांडण झालं. ते सर पुढे घरी गेले, आणि तो आदेश टिकला, कारण चौकशी नीट झाली होती.

तालुक्याचा_माणूस

समितीत तिसरा सदस्य नव्हता, हे खरं आहे. तेव्हाच्या सचिवांनी घाई केली. तुमच्या बाबांसारखा माणूस समोर असता तर बरं झालं असतं.

तिसरी_घंटा

सगळे शिक्षक-शिक्षक म्हणताय. कायद्याच्या नावात शब्द 'कर्मचारी' आहे. माझे वडील शाळेत शिपाई होते. सकाळी साडेसहाला फाटक उघडायचं, बावीस वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, आणि संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी गाईचं दूध काढायला जायचं. हो, तेही काम होतं. १९८३ साली त्यांनी दूध काढायला नाही म्हटलं आणि नोकरी गेली. न्यायाधिकरणाच्या आदेशाने परत लागली. त्यांना लिहिता येत होतं ते फक्त नाव. अपिलाचा कागद शाळेच्या हेडक्लार्कने लिहून दिला, रात्री, खिडक्या लावून. परत रुजू झाले त्या दिवशी पहिली घंटा वडिलांनी दिली तेव्हा शिक्षक वर्गाबाहेर येऊन उभे राहिले.

आता त्या जागाच संपत चालल्यात. २०२० च्या डिसेंबरातल्या जीआरने, म्हणजे शासन निर्णयाने, शिपायाच्या पदाऐवजी शाळेला ठोक भत्ता. ज्याचं पदच नाही त्याला अपिलाचं कलम ९ काय कामाचं?

निळी_शाई

@तिसरी_घंटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चूक माझी, शीर्षकातच मी शिक्षक लिहिलं. आणि तुम्ही बरोबर नस पकडली आहे. कायदा कुणी रद्द केला नाही, त्याच्या शेजारून जीआरचा रस्ता काढला. शिक्षण सेवकांचंही, म्हणजे पूर्ण पगाराआधी मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकांचंही, तसंच. २००० साली योजना जीआरने आली, तीन वर्षं मानधनावर: प्राथमिकला ३०००, माध्यमिकला ४०००, कनिष्ठ महाविद्यालयाला ५०००. नंतर तीच कायद्यातही शिरली. मग ६, ८ आणि ९ हजार, आणि २०२३ मध्ये कुठे १६, १८, २० हजार. मधली अकरा-बारा वर्षं आकडा हलला नाही. मी स्वतः शिक्षण सेवक म्हणून लागले तेव्हा खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दिले की घरी पाठवायला काही उरायचं नाही, आणि बाबा, पेन्शनवर असलेले, मला पैसे पाठवायचे.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडची एक गोष्ट देशभर लागू झाली ती अशी. गोव्यातल्या एका शिक्षिकेला शाळेने कामावरून काढलं. ती औद्योगिक विवाद कायद्याखाली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं की शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येतला 'कामगार' नाही, शिकवणं हे उदात्त कार्य आहे वगैरे. म्हणजे कारखान्यातल्या माणसाला जे दार उघडं ते शिक्षकाला बंद. म्हणूनच राज्याच्या स्वतंत्र कायद्याला एवढं महत्त्व. आमच्याकडे १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आहे, तुमच्याकडे १९७७ चा.

ग्रॅच्युइटीचंही तेच झालं. २००४ मध्ये न्यायालय म्हणालं शिक्षक व्याख्येत बसत नाहीत. मग संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू होईल अशी. खाजगी शाळांनी आव्हान दिलं, २०२२ मध्ये ते फेटाळलं गेलं. माझ्या सासूबाईंना त्यानंतर, निवृत्तीच्या अकराव्या वर्षी, ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला. त्यांनी त्यातून पहिल्यांदा डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

नोव्हेंबर_२००५

माझं नाव बघून समजलं असेल. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. माझी नेमणूक त्याआधीची, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर आली त्यानंतर, म्हणून मीही बाहेर. सतरा-अठरा वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसतो, शेजारच्या सरांना पेन्शन, मला नाही. मार्च २०२३ च्या संपात सात दिवस होतो, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. त्याच्या आधी महिनाभर नागपूर शिक्षक मतदारसंघात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले निवडून आले ते याच प्रश्नावर, विद्यमान आमदाराला हरवून. निळी_शाई, तुमच्या बाबांचाच संघ. धागा वाचून वाटलं, आमच्या पिढीनेही घोषणा मागण्याऐवजी कायदा मागायला हवा. आश्वासनावर संप मिटतो, आणि आश्वासनाला कलम नंबर नसतो.

भाकरी_आणि_खडू

मी इथे कधी लिहीत नाही, वाचते. आज लिहावं लागतंय.

मराठवाड्यात एका अंशतः अनुदानित शाळेत आहे. 'कायम विनाअनुदानित', म्हणजे कधीच अनुदान न मिळणारी शाळा, यातला कायम शब्द २००९ मध्ये गेला तेव्हा मी शाळेत शिकत होते. आज त्याच तुकड्या २० टक्के, ४० टक्के करत पुढे सरकतायत. मला परिविक्षेची मुदत संपून आठ महिने झालेत. आता तुकडी पुढच्या टप्प्यात जाणार असं कळल्यावर संस्थेनं माझ्याकडे राजीनामा मागितला. माझ्या जागी कुणाला घ्यायचंय हे गावाला माहीत आहे. मी दिला नाही. परवापासून मस्टर (हजेरीपट) कपाटात ठेवलंय, सही करू देत नाहीत. लेखी काहीच देत नाहीत. मी रोज जाते, व्हरांड्यात उभी राहते आणि येते. मुलं खिडकीतून बघतात.

लेखी आदेशच नाही तर अपील कशावर करायचं? आणि आमची शाळा पूर्ण अनुदानित नाही, हा कायदा आम्हाला लागतो का?

निळी_शाई

लागतो. कलम ३, अनुदान असो वा नसो. मी वर म्हटलं होतं ते शब्द लक्षात ठेवा, ते तुमच्यासाठीच आहेत.

तोंडी काढणं हीसुद्धा सेवासमाप्तीच आहे, कलम ९ मधल्या 'अन्य प्रकारे सेवा समाप्त' यात ते बसतं. तीस दिवस ज्या दिवशी सही करू दिली नाही त्या दिवसापासून धरा, जास्तीचा हिशेब करत बसू नका. आजच मुख्याध्यापकांना पत्र लिहा: अमुक तारखेपासून मी हजर आहे, मस्टर दिलं जात नाही, मी राजीनामा दिलेला नाही आणि देणार नाही. ते पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा. उद्याही शाळेत जा. कुठल्याही कागदावर सही करू नका, कोऱ्या तर नाहीच. तुमच्या भागातलं न्यायाधिकरण कुठे बसतं ते संघटनेच्या तालुका कार्यालयात सांगतील, तिथे वकीलही मिळतील. नेमणुकीचा आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, पगाराची बँकेतली नोंद आणि वर्गाचं वेळापत्रक, एवढं आधी गोळा करा.

तालुक्याचा_माणूस

ताई, वेळापत्रकाबरोबर विद्यार्थी हजेरीची पानंही मागा, तुमच्या अक्षरातली. आमच्या विरोधात नेमकी तीच टिकली होती.

भाकरी_आणि_खडू

सगळ्यांचे आभार. पत्र रजिस्टरने गेलं, दोन पावत्या मिळाल्या. संघटनेच्या सरांनी वकिलांकडे नेलं. त्यांनी पहिली मागितली ती नेमणुकीची ऑर्डर. मला वाटलं होतं ती संस्थेकडेच राहिली. आईने तांदळाच्या डब्याखालून काढून दिली. नियमावलीतल्या अनुसूची ड च्या नमुन्यात आहे, 'परिविक्षेवर दोन वर्षांसाठी' असं स्पष्ट लिहिलंय, खाली सचिवांची सही आणि शिक्का आहे. अपील एकोणिसाव्या दिवशी दाखल झालं. उद्या पुन्हा शाळेत जातेय.